‘दाखला घेऊन जा’ : विशेष शिक्षणाच्या हक्काचा इतिहास आणि आपली चळवळ

आंबेडकरी चळवळीत शिक्षणाचा विषय निघाला की चर्चा शिष्यवृत्ती, वसतिगृहे, आरक्षण आणि खाजगीकरण या चार मुद्द्यांभोवती फिरते. हे मुद्दे महत्त्वाचे आहेतच. पण जे मूल चौथीत गेले तरी एक ओळ वाचायला पाच मिनिटे घेते, ज्याला कमी ऐकू येते म्हणून ते मागच्या बाकावर गप्प बसून राहते, वर्गातल्या गोंगाटाने बिथरून जे ओरडते, चावते, पळून जाते, ते मूल आपल्या कुठल्याच अधिवेशनाच्या ठरावात येत नाही. शाळा त्याला ‘ढ’ म्हणते आणि वस्तीही ते मान्य करून टाकते.

वस्त्यांमध्ये काम करताना अशा मुलांच्या आया आम्हाला एकच वाक्य सांगतात. शाळेत बोलावून घेतले आणि म्हणाले, "याला आमच्याकडे नाही जमणार, तुम्ही दाखला घेऊन जा." हे वाक्य कधीही लिहून मिळत नाही. कागदावर असतो तो आईचा अर्ज : पाल्याचा दाखला मी स्वखुशीने नेत आहे. तिला लिहिता येत नसेल तर शाळेतलेच कुणीतरी अर्ज लिहून देते आणि खाली अंगठा घेतला जातो. म्हणजे शाळेने मुलाला काढलेच नाही, आईनेच नेले!

या वाक्याला उत्तर कसे द्यायचे याचा एक इतिहास आहे. तो मुख्यतः अमेरिकेतला आहे आणि आपल्या कार्यकर्त्यांना तो माहीत असायला हवा. विशेष शिक्षण म्हटले की आपल्याकडे दानशूर ट्रस्ट, दिवाळीचे फराळवाटप आणि व्हीलचेअर देतानाचे फोटो डोळ्यांपुढे येतात. अमेरिकेत मात्र हा हक्क कायद्यात आला तो कृष्णवर्णीयांनी उभ्या केलेल्या युक्तिवादावर पाय ठेवून.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा लढा बाबासाहेबांना परका नव्हता. १९१३ ते १९१६ या काळात ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. पुढे १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस यांना पत्र लिहिले. कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या, कारण अस्पृश्यांच्या वतीने तसे काही करता येईल का, याचा विचार सुरू होता. दुसऱ्या देशातल्या पीडितांनी अर्ज कसा केला, त्यात कोणता मुद्दा कसा मांडला, हे बारकाईने पाहण्याची ही सवय आपण पुढे चालवायला हवी.

१७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्राऊन खटल्याचा निकाल दिला. गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणे घटनाबाह्य आहे, वेगळे शिक्षण मुळातच असमान असते, असे न्यायालय म्हणाले. कृष्णवर्णीयांच्या बाजूने थर्गुड मार्शल लढले हे अनेकांना माहीत असते. विरुद्ध बाजूला कोण होते हे फारसे सांगितले जात नाही. दक्षिण कॅरोलिना राज्याची बाजू मांडायला जॉन डब्ल्यू. डेव्हिस उभे होते. १९२४ साली राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवलेले, देशातल्या नामांकित वकिलांपैकी एक. १९५२ च्या सुनावणीत त्यांनी न्यायाधीशांना धोक्याचा इशारा दिला. या लोकांचा युक्तिवाद आज मान्य केलात, तर उद्या मुलांना लिंगावरून, वयावरून किंवा बौद्धिक क्षमतेवरून वेगळे ठेवण्याचा अधिकारही राज्याकडे उरणार नाही, अशा अर्थाचे ते बोलले.

डेव्हिस यांना हा युक्तिवादाचा मूर्खपणा दाखवायचा होता. ‘असे कसे होऊ शकेल?’ हा त्यातला सूर. पण विषमतेची रचना तिच्या लाभार्थ्याला किती नीट कळते पाहा. एक वीट काढली तर कुठपर्यंत भिंत हलेल, हे त्या गोऱ्या वकिलाला १९५२ सालीच दिसले होते. अपंग मुलांच्या पालकांना तोच धागा हाती लागायला आणखी एकोणीस वर्षे गेली.

१९७१ च्या जानेवारीत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या बौद्धिक अपंग मुलांच्या पालकांच्या संघटनेने राज्य सरकारवर खटला भरला. पाच वर्षांचे ‘मानसिक वय’ न गाठलेल्या मुलाला शाळेने नाकारले तरी चालेल, अशी तिथल्या कायद्यात तरतूद होती. पालकांचे वकील थॉमस गिलहूल यांचा धाकटा भाऊ स्वतः पेनहर्स्ट नावाच्या सरकारी संस्थेत राहिलेला होता, जिथे अशा माणसांना कोंडल्यासारखे ठेवले जाई. गिलहूल यांनी ब्राऊनचा आधार घेतला : राज्य एकदा मुलांना शिक्षण देऊ लागले की ते सगळ्यांना समान अटींवर दिले पाहिजे. तज्ज्ञांनी साक्ष दिली की शिकू शकत नाही असे मूलच नसते, प्रत्येक मूल काही ना काही शिकते. त्या साक्षी ऐकल्यावर राज्याने लढणे सोडले आणि ऑक्टोबर १९७१ मध्ये समझोता झाला. न्यायालयाने पुढच्या वर्षी त्याला मान्यता दिली.

पण आपल्यासाठी खरा अभ्यासाचा खटला वॉशिंग्टन शहरातला आहे. मिल्स विरुद्ध शिक्षण मंडळ, १९७२. खटल्यात नावे होती सात मुलांची आणि सातही मुले कृष्णवर्णीय होती. ज्याच्या नावाने खटला ओळखला जातो तो बारा वर्षांचा, चौथीतला मुलगा. आईबापांच्या घरी नव्हे, सरकारी आसऱ्यात राहणारा. ‘वागणूक ठीक नाही’ म्हणून शाळेने त्याला १९७१ च्या मार्चमध्ये बाहेर काढले. पुरेशी सुनावणी नाही, बाजू मांडायची संधी नाही. बाकीच्या मुलांच्या कहाण्याही याच वळणाच्या. कुणाला फिट येतात म्हणून, कुणी शांत बसत नाही म्हणून, कुणाला ‘मंद’ ठरवले म्हणून. शिक्षण मंडळानेच केंद्र सरकारला दिलेल्या अहवालात कबूल केले होते की शहरात सुमारे २२,००० अपंग मुले आहेत आणि त्यांतल्या १८,००० पर्यंत मुलांसाठी शिक्षणाची काहीही सोय नाही. हे आकडे त्या देशाच्या राजधानीचे आहेत.

खटला सुरू असताना मंडळाने न्यायालयाला आश्वासन दिले आणि तारीख उलटली तरी पाळले नाही. मग बचाव आला तो आपल्या ओळखीचा : पैसे नाहीत. काँग्रेसने लाखो डॉलर मंजूर केल्याशिवाय किंवा इतर मुलांच्या वाट्याचा निधी वळवल्याशिवाय हे शक्य नाही. न्यायमूर्ती जोसेफ वॅडी स्वतः कृष्णवर्णीय होते आणि नागरी हक्कांच्या वकिलीतून पुढे आले होते. १ ऑगस्ट १९७२ च्या निकालात त्यांनी हा बचाव फेटाळला. पैसा अपुरा असेल तर असू द्या, कारभार ढिसाळ असेल तर तोही असू द्या, पण त्या उणिवेचा बोजा इतर मुलांपेक्षा अपंग मुलाच्या डोक्यावर जास्त पडता कामा नये. आहे तो पैसा अशा रीतीने वाटा की कोणतेही मूल पूर्णपणे वगळले जाणार नाही.

इथे बाबासाहेबांचे मुंबई विधिमंडळातले १२ मार्च १९२७ चे भाषण आठवल्याशिवाय राहत नाही. प्राथमिक शाळेत येणाऱ्या शंभर मुलांपैकी फक्त अठरा चौथीपर्यंत पोहोचतात, बाकीची ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात, हा हिशेब त्यांनी सभागृहासमोर ठेवला होता. सरकार शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च करते आणि अबकारी करातून दरडोई दोन रुपयांहून जास्त वसूल करते, हेही त्यांनी आकड्यांनिशी दाखवले. निदान अबकारीतून जेवढे घेता तेवढे तरी शिक्षणावर लावा, ही मागणी होती. ती ८२ मुले कोण होती? त्यांत दारिद्र्याने आणि जातीने हाकललेली मुले होती. आणि ज्यांना नीट दिसत नव्हते, ऐकू येत नव्हते, अक्षर लागत नव्हते, तीही त्यांतच असणार. तेव्हा त्यांची वेगळी मोजणी कुणी करत नव्हते.

मिल्स निकालाचे आणखी एक अंग आम्हाला पैशाच्या मुद्द्याइतकेच मोलाचे वाटते. न्यायालयाने नुसते ‘शिकवा’ म्हटले नाही, कार्यपद्धती घालून दिली. मुलाला वर्गातून हलवायचे, नाकारायचे किंवा दुसरीकडे पाठवायचे असेल तर पालकांना रजिस्टर पोस्टाने लेखी नोटीस द्यायची. नोटिशीत कारण स्पष्ट आणि पूर्ण लिहायचे. पालकांना सुनावणीचा हक्क. सुनावणी घेणारा माणूस शिक्षण मंडळाचा नोकर नसावा. पालकांना वकील आणता येईल, शाळेचे दप्तर तपासता येईल, मुलाची स्वतंत्र तपासणी मागता येईल. आणि पुराव्याचा भार शाळेवर. मूल लायक आहे हे आईने सिद्ध करायचे नाही. आपण सुचवलेली व्यवस्था मुलासाठी योग्य आहे हे शाळेने सिद्ध करायचे. सुनावणीशिवाय दोन दिवसांहून जास्त निलंबनसुद्धा नाही.

तोंडी सांगून मुलाला घालवण्याची जी सोय शाळेकडे होती, ती या कागदांनी मोडली.

२९ नोव्हेंबर १९७५ रोजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी अपंग बालकांच्या शिक्षणाच्या केंद्रीय कायद्यावर सही केली तेव्हा या दोन निकालांतले बरेच काही त्यात उतरले होते. देशात ८० लाखांहून जास्त अपंग मुले आहेत, त्यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांना योग्य शिक्षण मिळत नाही आणि १० लाख मुले शाळेबाहेरच आहेत, हे काँग्रेसने कायद्यातच नमूद केले. प्रत्येक मुलासाठी वैयक्तिक शिक्षण आराखडा, तो ठरवणाऱ्या बैठकीत पालकांना जागा, शक्य तितके इतर मुलांसोबत शिक्षण, आणि मतभेद झाला तर सुनावणी. केंद्राने जादा खर्चाचा ४० टक्क्यांपर्यंत वाटा उचलण्याचे ठरले होते. तो वाटा आजवर कधीही पूर्ण दिला गेलेला नाही. तरीही हक्क टिकला, कारण तो निधीवर अवलंबून ठेवलेला नव्हता.

याच काळातली एक घटना पँथरप्रेमी तरुणांनी तर आवर्जून लक्षात ठेवावी. सरकारी पैसा घेणाऱ्या कुठल्याही संस्थेने अपंगांशी भेदभाव करू नये, असे कलम १९७३ साली संमत झाले होते, पण चार वर्षे त्याचे नियमच निघत नव्हते. एप्रिल १९७७ मध्ये शंभराहून अधिक अपंग कार्यकर्त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या सरकारी इमारतीत ठिय्या दिला. जूडी ह्यूमन त्यांच्या नेत्यांपैकी एक होत्या. ठिय्या जवळजवळ चार आठवडे चालला. आत बसलेल्यांना रोज गरम जेवण कुणी पोहोचवले? ओकलंडच्या ब्लॅक पँथर पार्टीने. व्हीलचेअरवरचे ब्रॅड लोमॅक्स हे पँथर कार्यकर्ते स्वतः ठिय्यात होते. २८ एप्रिलला नियमांवर सही झाली आणि त्या नियमांत शाळकरी मुलांचाही हक्क होता. ज्या संघटनेवरून प्रेरणा घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने अपंगांचा प्रश्न ‘त्यांचा’ म्हणून सोडून दिला नव्हता.

मात्र ही गोष्ट एवढ्यावर थांबवली तर ती अर्धवट राहील. कारण जे ‘विशेष शिक्षण’ काही मुलांना दार उघडणारे ठरले, तेच अनेक कृष्णवर्णीय मुलांना कोंडवाडा ठरले.

कॅलिफोर्नियात बुद्ध्यंक चाचणीत कमी गुण पडलेल्या मुलांचे वेगळे वर्ग असत. १९६८-६९ मध्ये राज्यातल्या एकूण विद्यार्थ्यांत कृष्णवर्णीय मुले होती ९ टक्के आणि या ‘मंद’ मुलांच्या वर्गांत २७ टक्के. या वर्गात एकदा गेलेले मूल नेहमीच्या अभ्यासक्रमात परत येणे कठीण. १९७१ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या पालकांनी खटला भरला, तो लॅरी पी. खटला म्हणून ओळखला जातो. कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांनी त्या मुलांची पुन्हा चाचणी घेतली. मुलांशी आपलेपणाने बोलून, त्यांना समजेल अशा भाषेत प्रश्न विचारून. सगळी मुले ७५ च्या मर्यादेच्या वर निघाली. मूल तेच, चाचणीही तीच, फक्त समोर बसलेला माणूस बदलला! १९७९ साली न्यायमूर्ती पेकहॅम यांनी निकाल दिला की कृष्णवर्णीय मुलांना या वर्गांत टाकण्यासाठी बुद्ध्यंक चाचणी वापरता येणार नाही. गंमत म्हणजे खटल्यात प्रतिवादी म्हणून ज्यांचे नाव आहे ते राज्याचे शिक्षणप्रमुख विल्सन राईल्स स्वतः कृष्णवर्णीय होते. खुर्चीवर आपला माणूस बसला म्हणून यंत्रणेची पद्धत आपोआप बदलत नाही, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. त्याआधी १९७० मध्ये त्याच राज्यात स्पॅनिश बोलणाऱ्या शेतमजुरांच्या मुलांचा खटला झाला होता. त्यांची चाचणी इंग्रजीत घेऊन त्यांना मंद ठरवले होते. स्पॅनिशमध्ये विचारल्यावर बहुतेक मुले त्या यादीतून बाहेर पडली. आपल्याकडे पावरी, गोंडी किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीतून जोखणाऱ्यांनी हा खटला जरूर वाचावा.

लॅरी पी. प्रकरणाला पुढे एक वळण लागले. १९८६ मध्ये बंदी वाढवली गेली आणि कृष्णवर्णीय मुलांची कोणत्याही विशेष शिक्षणासाठी बुद्ध्यंक चाचणी घेणेच बंद झाले. तेव्हा काही कृष्णवर्णीय पालकच न्यायालयात गेले : आमच्या मुलाला अध्ययन अक्षमता आहे का ते आम्हाला तपासायचे आहे, गोऱ्या मुलाला मिळणारी चाचणी आमच्या मुलाला जातीवरून का नाकारता? वाढीव बंदी पुढे रद्द झाली. (तिथे ‘जात’ नव्हे, ‘वंश’ हा शब्द आहे, आम्ही मुद्दाम आपला शब्द वापरला.) म्हणजे चुकीचा शिक्का नको आणि हक्काची मदत हवी, या दोन्ही मागण्या एकाच वेळी कराव्या लागतात.

आपल्याकडे या दोन्ही बाजू एकाच वर्गात दिसतात. इंग्रजी माध्यमाच्या शाळेतल्या सुखवस्तू घरच्या मुलाला वाचता येईना की आईवडील समुपदेशकाकडे जातात, अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र येते, दहावीला वाढीव वेळ आणि लेखनिक मिळतो. ‘तारे जमीन पर’ पाहून सगळे हळवे होतात. जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेतल्या आपल्या मुलाची अडचण नेमकी तीच असली तरी त्याच्या वाट्याला ‘ढ’ हा शब्द येतो, वर ‘यांच्या घरात शिक्षणाचे वातावरणच नाही’ हा शेरा. एकाच्या अडचणीला आजार मानतात, दुसऱ्याच्या अडचणीला स्वभाव, आणि बहुतेकदा जातीचा स्वभाव. आरक्षणाच्या विरोधात जी ‘गुणवत्ता’ फेकली जाते तिचे बालवाडीतले रूप हेच आहे.

आपल्या घरांमधूनही प्रमाणपत्राला विरोध होतो. "पोराला वेडा ठरवतील," "लग्नाला अडचण येईल," असे म्हातारी माणसे म्हणतात. त्यांची भीती खोटी नाही, शिक्के सोसलेल्या समाजाची ती भीती आहे. आम्ही त्यांना जातीच्या दाखल्याची आठवण देतो. तोही एक शिक्काच होता, आणि त्याच कागदावर आपल्या दोन पिढ्या कॉलेजात गेल्या.

भारताचा कायदा कागदावर कमी नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगासमोर बारा वर्षांपर्यंतच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली, ती घटनेच्या मूळ अनुच्छेद ४५ मध्ये चौदा वर्षांपर्यंत विस्तारून आली आणि २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्क झाली. शिक्षण हक्क कायद्याचे कलम १६ सांगते की प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येणार नाही. म्हणूनच तर तो ‘स्वखुशीचा’ अर्ज लिहून घेतला जातो! दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमताही आहे. त्याचे कलम १६ भेदभावाशिवाय प्रवेश, मुलाच्या गरजेनुसार सोयी आणि अध्ययन अक्षमतेची लवकर ओळख ही जबाबदारी शाळेवर टाकते. कलम ३१ नुसार ठरावीक प्रमाणात, म्हणजे किमान ४० टक्के, अपंगत्व असलेल्या मुलाला १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण आहे आणि जवळची शाळा की विशेष शाळा, ही निवड मुलाच्या बाजूची आहे, मुख्याध्यापकांची नाही. २०२२ मध्ये केंद्र सरकारने विशेष शिक्षकांचे प्रमाणही ठरवून दिले : प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक, उच्च प्राथमिक स्तरावर पंधरा मुलांमागे एक.

नाही ती मिल्समधली कार्यपद्धती. लेखी नोटीस, कारण, शाळेबाहेरच्या माणसापुढे सुनावणी, पुराव्याचा भार शाळेवर, यातले काहीही आपल्या आईच्या हाती आपोआप पडत नाही. आमच्या मते आपल्या चळवळीची जागा नेमकी इथे आहे. कायदा जी नोटीस शाळेकडून देववत नाही, ती आपण अर्ज करून मागायची. आईने दाखल्याच्या अर्जावर सही करायची नाही. उलट मुख्याध्यापकांना लेखी विचारायचे की माझ्या मुलाला कोणत्या कलमाखाली, कोणत्या कारणाने नाकारत आहात, आणि त्याच्यासाठी विशेष शिक्षक, तपासणी व वैयक्तिक आराखडा यांची काय व्यवस्था केली आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोहोच घ्यायची. उत्तर नाही आले तर तीच प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे (मोठ्या शहरात महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे) आणि पुढे राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे. आम्ही पाहिलेल्या प्रकरणांत अर्धा फरक पोहोच मागितल्याक्षणीच पडतो, आवाज खाली येतो आणि ‘बसा ना ताई’ सुरू होते.

यात एकट्या आईला पाठवू नये. सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असावेत आणि वंचित गटातल्या मुलांच्या पालकांना प्रमाणात प्रतिनिधित्व मिळावे, असे शिक्षण हक्क कायद्याचे कलम २१ सांगते. अनुसूचित जातीची मुले या वंचित गटात पहिल्यापासून होती. २०१२ च्या दुरुस्तीने अपंग मुलेही त्याच व्याख्येत आली. त्यामुळे आपल्या वस्तीतल्या अपंग मुलाच्या आईचा त्या समितीत बसण्याचा हक्क दोन बाजूंनी आहे. पुढच्या वेळी तुमच्या शाळेत समिती निवडण्यासाठी पालकसभा लागेल तेव्हा सूचना फळ्यावर कधी लागली, कुणाला निरोप गेला आणि इतिवृत्तावर कुणाच्या सह्या आहेत, हे तपासायला बुद्धविहारातली दोन पोरे तिच्यासोबत जाऊ द्या.